थ्रेडवाले सर

चिकलठाणा एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत जा, हे सर भेटणारच. पंचेचाळिशी गाठलेली आणि पुण्याला न गेल्याचा अभिमान अंगात मुरलेला. वाळूजच्या कारखान्यांचा स्टॉक, खाती, पगार वर्षानुवर्षं यांच्याच कोडवर चालतात. पोरगं बग घेऊन आलं की सर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणतात, "प्रिंट टाक ना बाबा." ते प्रिंट टाकतं, बग सापडतो, सर चहाला जातात. प्रोग्राम वरून खाली चालतो, या एका श्रद्धेवर त्यांची आजवरची सगळी पगारवाढ झालेली आहे.

मग एखादा कारखानदार ८ कोअरचा सर्व्हर घेतो आणि विचारतो, "सर, एकटाच राबू लागलाय, बाकीचे सात काय करायलेत?" सर हसतात. मल्टिथ्रेडिंग ना? एकाच प्रोग्रामचं काम अनेक थ्रेडांत वाटायचं, म्हणजे सगळे कोअर राबतात. ते तर इंटरव्ह्यूसाठी पाठच केलं होतं!

थोड्याच दिवसांत स्टॉक रजिस्टर खोटं बोलू लागतं. १०० बेअरिंगांतून दोन थ्रेड एकाच वेळी एकेक काढतात. दोघंही १०० वाचतात, दोघंही एक वजा करतात, दोघंही ९९ लिहून मोकळे होतात. गोदामात ९८, स्क्रीनवर ९९. कोडमध्ये ही वजाबाकी एकच ओळ. मशीनला मात्र वाचणं, वजा करणं, लिहिणं अशी तीन कामं, आणि मधे कुणीही घुसू शकतं. सर सवयीनं प्रिंट टाकतात. बग गायब! प्रिंट काढला की पुन्हा हजर. "काय व्हायलंय तेच कळंना गेलंय," सर पुटपुटतात. जावाचा प्रिंट आतल्या आत स्वतःचं कुलूप लावतो, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत घेतो, थ्रेडांची वेळ पुढेमागे होते आणि बग दडी मारतो. हे सरांना कोण सांगणार? प्रिंटनं त्यांना आजवर कधी दगा दिलेला नाही.

शेवटी सर अभ्यासाला बसतात. मुलांच्या दहावीलाही घरात एवढी शांतता नव्हती. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात पाच तत्त्वज्ञ जेवायला बसलेले. प्रत्येकाला दोन काटे हवेत आणि टेबलावर आहेत पाचच. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये परीक्षेसाठी काढलेलं हे कोडं. तत्त्वज्ञांना पंगतीला बसवलं टोनी होअर यांनी. सरांचा आक्षेप मूलभूत: "हातानं जेवा की! काटे कशाला?"

मग कुलपाचा शोध लागतो आणि सर दिसेल त्या मेथडवर 'सिंक्रोनाइझ्ड' ठोकतात. ८ कोअरपैकी सात पुन्हा बघे. त्यात दोन थ्रेड एकमेकांचं कुलूप उघडायची वाट बघत कायमचे थांबतात. डेडलॉक! इथे मात्र सरांचे डोळे चमकतात. शहरातलं मकई गेट! दरवाजातून गाडी एकच जाणार, दोघं समोरासमोर घुसलेले, मागं घ्यायला दोघंही तयार नाहीत. फरक इतकाच की गेटवर एखादा रिक्षावाला उतरून शिव्या देत वाट मोकळी करतो. सर्व्हरमध्ये ती सोय नाही.

सरांना खरा दिलासा मिळतो तो मंगळावरून. १९९७ मध्ये नासाचं पाथफाइंडर यान तिथे उतरलं आणि वारंवार रीसेट होऊ लागलं. कमी महत्त्वाच्या कामानं कुलूप धरून ठेवलेलं, महत्त्वाचं काम ताटकळलेलं. दुरुस्ती पृथ्वीवरून पाठवावी लागली. सर ही गोष्ट क्लायंटला आवर्जून सांगतात, जणू नासाची आणि त्यांची अडचण एकाच फायलीत आहे.

बेअरिंगचा घोळ निस्तरते शेवटी यंदाच रुजू झालेली एक मुलगी. साधा इंटिजर काढून वाचणं, वजा करणं, लिहिणं एकाच दमात उरकणारा अॅटॉमिकइंटिजर लावते आणि विचारते, "सर, बघता का?" सर चष्मा कपाळावर चढवून पूर्ण कोड वाचतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "हेच मी सांगत होतो."

तुमच्या कारखान्याचं काम अशा सरांकडे असेल तर निर्धास्त राहा. माणूस प्रामाणिक आहे, रात्री दोनला फोन केला तरी उचलतो. फक्त महिनाअखेरीला बेअरिंगं एकदा हातानं मोजून घ्या.