इतर हक्कात मांजर

आमच्या आळीतल्या आबांना सगळं रत्नागिरी ‘सर्कल’ म्हणून ओळखतं. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, पण महसूल खातं अंगातून उतरलेलं नाही. सूनबाईंनी माजघरातलं कपाट हलवलं तरी ते ‘फेरफार कुणी मंजूर केला?’ विचारतात. पाहुणा चार दिवसांवर राहिला की पाचव्या सकाळी यांच्या पोटात गोळा. कारण १९५७. त्या वर्षीच्या १ एप्रिलला कूळकायद्यानं कसणाऱ्याला मालक ठरवलं आणि आबांच्या वडिलांची भातजमीन गेली. कुणीतरी एप्रिल फूल केलंय, असं वडिलांना दुपारपर्यंत वाटत होतं. हे आबा अजूनही न हसता सांगतात. तेव्हापासून कुणालाही थारा देताना त्यांचा एकच प्रश्न: हा पुढे कूळ लागणार नाही ना?

यंदा आंबा आटोपताना त्यांच्या पडवीत एक भाटी व्याली. व्याह्यांकडून आलेल्या रिकाम्या पेटीत. पेटीवर ‘देवगड’ छापलेलं. ‘रत्नागिरीत राहून देवगडच्या पेटीत बाळंत झाली, तेव्हाच मी हिला ओळखली,’ आबा म्हणाले. पुढे रिवाजाप्रमाणे तिनं पिल्लांना सात घरं दाखवायला सुरुवात केली. दोन नेली, तिसरं मागेच राहिलं. त्यात मृगाचा पाऊस लागला.

दुसऱ्या सकाळी आबा माझ्या दारात. हातात कापडी पिशवी, काखेत जुनं रजिस्टर.

‘स्कूटर काढ रे. पडवीत अतिक्रमण झालंय, हलवायला हवं.’

‘कुठं हलवायचं?’

‘डॉक्टरकडे.’

पिशवीत पंचाच्या घडीत मूठभर करडा जीव होता. डोळे चिपडांनी मिटलेले, शेपटीखाली सगळं बरबटलेलं. ओरडायला तोंड उघडत होतं, पण आवाज येत नव्हता.

दवाखान्यात आमच्या आधी एक बोकड, एक लॅब्रेडॉर आणि काखेत कोंबडी घेतलेल्या एक मावशी. डॉक्टरीणबाई तरुण, हातखंब्याला अडलेली म्हैस सोडवून नुकत्याच आलेल्या, गमबुटांना चिखल तसाच. त्यांनी पिल्लाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती खाली बसेना, तंबूसारखी उभीच राहिली.

‘अंगातलं पाणी गेलंय. जुलाब कधीपासून?’

आबांनी रजिस्टर उघडलं. ‘काल सायंकाळी ५.४०, पातळ, पिवळी. रात्री ९.१५, सदर. पहाटे ४.०५, प्रयत्न, निष्फळ.’

थर्मामीटर कुठून लावतात हे दिसताच त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ‘बाईमाणूस आहे हो ती.’

‘अठ्ठ्याण्णव,’ बाई म्हणाल्या.

‘म्हणजे नॉर्मल,’ आबा भिंतीला म्हणाले.

‘तुमचं नॉर्मल, आजोबा. मांजराला शंभर-एकशेदोन लागतं. ही गारठलीय. खायला काय दिलंत?’

‘दूध. घरच्या गाईचं.’

‘म्हणूनच जुलाब. गाईचं दूध पिल्लांना सोसत नाही.’

‘आमच्याकडे सात पिढ्या मांजरं—’

‘त्यातली किती पिल्लं जगली, याची नोंद आहे?’

आबांनी रजिस्टर मिटलं.

‘औषध काही दिलंत?’

‘सूनबाईंनी तापाची चतकोर गोळी उगाळून द्यायचं म्हटलं होतं.’

बाई खुर्चीतून उठल्याच. ‘दिलीत?’

‘अर्ज आला होता. नामंजूर केला.’

‘वाचलात! पॅरासिटामॉल मांजराला पचत नाही, तेवढ्यानंही गेली असती.’

मग कातडीखाली सलाईन गेलं आणि पिल्लाच्या पाठीवर उंटासारखी मदार आली. वजन भरलं ३८० ग्रॅम. शेवटी बाईंनी केसपेपर ओढला. ‘मालकाचं नाव?’

आबा सावध झाले. या रकान्यानं त्यांच्या हयातीत किती घरं फोडली ते त्यांनाच ठाऊक. ‘मालक खोडा,’ ते म्हणाले. ‘कब्जेदारही नको. कब्जा तिचाच आहे.’

‘मग तुम्हाला लिहू तरी कुठं?’

‘इतर हक्कात.’

बाईही रत्नागिरीच्याच. त्यांनी पेन थांबवलं. ‘कसला हक्क? वहिवाटीचा, की पोटगीचा? आणि कुणाचा कुणावर?’

पस्तीस वर्षं सातबारा कोळून प्यायलेला माणूस गप्प बसला. पावतीवर नुसतं ‘आबा’ असं नाव आलं.

त्या आठवड्यात रात्री दोनला पडवीत दिवा दिसायचा. कधी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीत सरकवली जायची, कधी सिरिंजनं पिल्लांचं पातळ खाणं. मी विचारलं तर ‘पंचनामा चाललाय’ एवढंच.

परवा सहज गेलो. आबा उंबऱ्यावर, भिंतीला टेकून पेपर वाचत होते. त्यांच्या आरामखुर्चीत, ज्यावर मुलालाही बसायची परवानगी नाही, करडं पिल्लू पोट वर करून झोपलं होतं.

‘आबा, खुर्ची?’

‘हळू बोल,’ ते म्हणाले. ‘बारा दिवस सलग वहिवाट आहे तिची. आता उठवता येत नाही.’