तुमचं पान, माझं अक्षर

लग्नपत्रिकेवरचा गणपती टाकता येत नाही. लग्न होऊन जातं, आहेराची पाकिटं फुटतात, पत्रिकेतल्या वधूवरांची मुलं शाळेत जायला लागतात, तरी तो गणपती आपला कपाटाच्या खणात बसून असतो. रद्दीत द्यायला मन धजत नाही आणि विसर्जन करावं तर अनंतचतुर्दशी दर वेळी हुकते. असे गणपती साठवून असलेल्या बायका आमच्या सोसायटीत इतक्या आहेत, हे मला चिकटवही मंडळात गेल्यावर कळलं. शिवाय एसटीची तिकिटं, साडीच्या खोक्यातले पुठ्ठे, ब्लाउजपीसच्या कडा, बाळाच्या मनगटाला दवाखान्यात बांधलेली नावाची पट्टी, दहावीचं प्रवेशपत्र, राखीतले सुटे मणी. 'राहू दे, लागेल कधीतरी' असं म्हणून ठेवलेल्या वस्तू एरवी कधीच लागत नाहीत. चिकटवहीत त्या लागतात. हा छंद आपल्याकडे रुजला त्याचं खरं कारण मला तरी हेच दिसतं.

मंडळ पुण्यातलंच. दर गुरुवारी, वामकुक्षी संपून चहा व्हायच्या आधी, क्लब हाउसमधल्या टेबल टेनिसच्या टेबलावर ते भरतं. जाळी काढून वर जुनी वर्तमानपत्रं अंथरली की झालं. मंडळाला अध्यक्ष नाही, घटना नाही, वर्गणी नाही. त्यामुळे पुण्यातलं असूनही त्यात अजून फूट पडलेली नाही. सगळ्यांत ज्येष्ठ आहेत त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे 'बाई' म्हणतात, अगदी त्यांच्या वयाचे लोकसुद्धा. मी तिथला एकमेव पुरुष. मला बोलावलं ते माझे कलागुण पाहून नव्हे, ते कारण पुढे येईलच.

फूट नसली तरी दोन पंथ आहेत. साठवणाऱ्यांचा एक आणि खरेदी करणाऱ्यांचा दुसरा. दुसऱ्या पंथातल्या मंडळींच्या रविवार पेठेत लेस, गोंडे आणि टिकल्यांसाठी वाऱ्या चालतात, आप्पा बळवंत चौकातून कार्डशीट येतात, आणि जे तिथे मिळत नाही ते पार्सलने घरी येतं: नक्षीच्या वॉशी टेप, नागमोडी कापणाऱ्या कात्र्या, निरनिराळ्या आकारांचे पंच. मध्यंतरी कुणीतरी फुलपाखराचा पंच आणला. पुढचे कित्येक गुरुवार ज्याच्या त्याच्या पानावर फुलपाखरं. एका पानावर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरही ती येऊन बसली. हत्तींना अडवायला ठोकलेले ते अणकुचीदार खिळे फुलपाखरांपुढे अगदीच निष्प्रभ ठरले.

बारा इंच लांब आणि बारा इंच रुंद पानांची वही, हा सगळा थाट अमेरिकेतला. तिथे 1980 साली सॉल्ट लेक सिटीला वंशावळी आणि जुन्या नोंदी यांची एक जागतिक परिषद भरली होती. तिच्यात मॅरिलेन क्रिस्टेन्सन या युटामधल्याच गृहिणीने आपल्या कुटुंबाच्या पन्नासाहून अधिक वह्या मांडल्या. लोक इतके मागे लागले की पुढच्याच वर्षी नवराबायकोनी या वह्यांच्या सामानाचं दुकान काढलं. तो मुलूख मॉर्मन पंथीयांचा, आणि घराण्याच्या नोंदी ठेवणं हे त्या पंथात धर्मकर्तव्य. आपण ते काम नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्यांवर सोपवून केव्हाच मोकळे झालो.

त्याच्याही शंभरेक वर्षं आधी मार्क ट्वेनने या धंद्यात हात घातला होता. त्याला कात्रणं चिकटवायचा नाद, आणि खळीचा राडा सोसवेना. मग त्याने पानांवर आधीच सुकवलेल्या गोंदाचे पट्टे असलेल्या वहीचं 1873 साली पेटंट घेतलं. पट्टा ओला करायचा आणि कात्रण दाबायचं. वह्या खपल्याही भरपूर. लेखकाने कोरी पानं विकावीत आणि लोकांनी ती आवडीने घ्यावीत, याहून मोठं साहित्यिक यश मला तरी ठाऊक नाही.

खळीचा राडा म्हणजे काय ते बाईंच्या पिढीला सांगावं लागत नाही. मैदा शिजवून केलेली खळ, तिला झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि तरीही पावसाळ्यात पानांना येणारा तो वास. शाळेच्या चिकटवहीत तक्त्यातली चित्रं कापून लावायची. 'वाहने' या मथळ्याखाली बैलगाडी आणि विमान शेजारीशेजारी. आता डबल टेप आली आणि झुरळांची उपासमार झाली. बाईंचं मात्र डबल टेपशी जमत नाही, कारण ती एकदा बसली की बसली. फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवावा, त्याच्या पाठीवर बॉलपेनने न लिहिता मऊ पेन्सिलीने लिहावं, ही त्यांची शिस्त. वर्तमानपत्राचं कात्रण थेट लावलेलं त्यांना चालत नाही. लाकडाच्या लगद्यात लिग्निन उरतं, उजेड आणि हवा लागून ते पिवळं पडतं, कागद आम्ल होत ठिसूळ होतो, हे त्या फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या समजावतात. एकदा कुणीतरी परदेशातून मागवलेले ॲसिड-फ्री कागद कौतुकाने दाखवत होतं. बाई म्हणाल्या, "शिवाजीनगरला हातकागद संस्था 1940 पासून आहे. सुती चिंध्यांचा कागद. चिंधीत लिग्निन नसतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि कसब्यात कागदीपुरा काय उगाच म्हणत होते?" परदेशी कागद मुकाट्याने पिशवीत परत गेले.

एवढी सगळी तयारी होते, पण गाडी अडते ती पुढेच. पान सजतं, लेस लागते, गणपती बसतो, फोटो कोपऱ्यांत अडकतो, आणि फोटोखाली चार ओळींची जागा कोरी राहते. दहा वर्षांनी ते पान उघडणाऱ्याला गोंड्याशी काही देणंघेणं नसतं. हे कोण, कुठे, आणि एवढे हसतायत कशाला, इतकंच त्याला हवं असतं. नेमकं तेच लिहायला कुणी तयार होत नाही. तीन-तीन तास रिबिनीच्या गाठी जमवणारी बाई पेन हाती घेतल्यावर म्हणते, "माझं अक्षर नको बाई." फारच आग्रह केला तर लिहिते, 'सुखद आठवणी'. मला तर दाट संशय आहे की सजावटीचं सामान हे मुळात लिहिणं टाळण्यासाठीच निघालं असावं.

यावर बाईंनी तोडगा काढला. आपलं पान आपण लिहायचं नाही. आपण तोंडाने सांगायचं, शेजारच्याने लिहायचं. मला बोलावणं आलं ते याचसाठी. मी बँकेत होतो, कॉम्प्युटर येण्याआधी लेजरं हाताने लिहिली जात त्या काळात, आणि दुरेघी वहीवर घटवलेलं माझं अक्षर त्या लेजरांत अजून कुठल्यातरी गोदामात पडून असेल. आता ते सोसायटीतल्या निम्म्या वह्यांत आहे. माझ्या स्वतःच्या वहीत अक्षर बाईंचं. मी सांगत असताना त्या माझं व्याकरणही सुधारतात, त्यामुळे माझं बालपण कागदावर प्रत्यक्षात होतं त्यापेक्षा बरंच शुद्ध आहे.

सांगायचं म्हटलं की माणसं वेगळीच निघतात. कागदासमोर गप्प बसणारी बाई माणसासमोर बसत नाही. लिहिणाऱ्याने मधून 'मग?' एवढंच म्हणायचं असतं. एका तरुण आर्किटेक्ट मुलीने पहिल्या सिनेमाचं मल्टिप्लेक्सचं तिकीट लावलं होतं. ते उष्णतेने छापतात त्या कागदाचं, त्यामुळे पार पांढरं पडलेलं. बाईंच्या मते ते आधी झेरॉक्स करून ठेवायला हवं होतं. मुलीला सिनेमाचं नाव आठवेना. नवऱ्याला फोन केला, त्याने भलतंच नाव सांगितलं, हिने ते साफ नाकारलं, तर तो हसत बसला. मी तिकिटाखाली लिहिलं, 'सिनेमाबद्दल एकमत नाही.' पान फार छान झालंय.

पण सध्या मंडळात गाजतंय ते काकूंचं पान. काकू मूळच्या नागपूरच्या, लग्न होऊन पुण्यात आलेल्या. त्यांनी एसटीचं जुनं तिकीट आणलं, कंडक्टरने टिकटिक करत पंच मारलेलं. 'महाबळेश्वर सहल' एवढंच लिहा म्हणाल्या. मी म्हटलं, "मग?" मग कळलं की लग्नानंतरची पहिलीच सहल. नवराबायको एकमेकांशी बोलायला अजून लाजत होती. पसरणीच्या घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर काकांचा चेहरा पांढरा पडला, आणि काकू त्यांना उद्देशून आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलल्या, "इकडे खिडकीपाशी या." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, पण लिंबाचा उल्लेख आला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "वाईला नणंदेकडे जेवलो होतो ना. बासुंदी."

मी लिहून दिलं. ते पान काकांनी घरी वाचलं.

पुढच्या गुरुवारी काका स्वतः क्लब हाउसमध्ये हजर. त्यांचं म्हणणं, त्यांना काही झालं नव्हतं, इंजिनाचा धूर आत येत होता. दुसरं असं की खिडकी त्यांनीच काकूंना देऊ केली होती आणि पहिलं वाक्य त्यांचं होतं. दुरुस्ती करा, म्हणाले. काकू म्हणाल्या, "पान माझं आहे." लेजरमध्ये खाडाखोड चालत नाही ही माझी सवय, आणि मुख्याध्यापिकेपुढे नवीन तक्रार आलेली. बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं, खणातल्या एका लग्नपत्रिकेचं पाकीट मागवलं, ते तीन कडांनी पानावर चिकटवून खिसा केला आणि काकांना सांगितलं, तुमचं म्हणणं वेगळ्या कागदावर लिहून यात ठेवू. काकांनी दीड पान सांगितलं. माझा हात भरून आला. खिशावर गणपती आहे, त्यामुळे आतला मजकूर खोटा असेल असं उघडपणे कुणी म्हणत नाही.

ही सोय कळल्यापासून आणखी दोन नवऱ्यांनी गुरुवारी काय काय चालतं याची चौकशी केली आहे. आणि परवा वाईहून नणंदेचा फोन आला. बासुंदीबद्दल जे काही लिहिलंय म्हणे, ते आधी तिला वाचून दाखवा. आणि त्या वहीत अजून एका खिशाला जागा आहे का, तेही बघून ठेवा.