लाल रंगाचे अनेक अर्थ

कलाधारित शैक्षणिक संशोधन करायचं असं शाळेत ठरलं तेव्हा पहिला हात मी वर केला. मी गणिताचा. पण कृतिसंशोधनाचे तेच ते साचेबंद अहवाल (निष्कर्ष : उपक्रमाचा सर्वांना फायदा झाला) लिहून कंटाळलो होतो आणि स्टॅनफर्डच्या एलियट आयस्नर यांच्याविषयी नुकतंच वाचलं होतं. गृहस्थ मुळात चित्रकार. टक्केवारीत न मावणारं बरंच काही चित्रातून, नाटकातून, गोष्टीतून कळतं आणि तेही संशोधनच, असं त्यांचं ठाम म्हणणं. निक सूसॅनिस यांनी तर कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेटचा प्रबंधच कॉमिक्समध्ये केला. २०१५ साली हार्वर्डने तो ‘अनफ्लॅटनिंग’ या नावाने छापला. ही नावं मी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा घेतली, की शिपाईमामाही चहा देताना ‘आयस्नर सर’ म्हणू लागले.

प्रयोग साधा होता. सहावीच्या मुलांनी शाळेचा नकाशा काढायचा आणि जिथं जसं वाटतं तसा रंग भरायचा. सूची मुलांनीच ठरवली : हिरवा म्हणजे मजा, पिवळा म्हणजे कंटाळा, लाल म्हणजे भीती. मग चित्रकलेचे सर, मराठीच्या बाई, भूगोलाच्या मॅडम आणि मी, अशा चौघांनी एकाच सामाईक फाइलमध्ये लेख लिहायचा.

नकाशे आले. पाण्याच्या टाकीपाशी हिरवं, प्रार्थनेच्या मैदानावर पिवळं. लाल मात्र जवळजवळ प्रत्येक कागदावर एकाच जागी : स्टाफरूमच्या दाराशी, डावीकडच्या टेबलाभोवती. ते टेबल माझं. येणाऱ्या-जाणाऱ्या पोराला मी तिथं एकोणतीसचा पाढा विचारतो. एकाने तर खडू असा दाबून घासला होता, की तिथं कागदच फाटला होता.

मॅडमनी लिहिलं, ‘भीतीचं केंद्र गणिताच्या शिक्षकांचं टेबल असल्याचं दिसतं.’ मी भाषा जरा प्रमाण केली : ‘स्टाफरूमच्या परिसरात संमिश्र भावना आढळतात.’ सकाळी मूळ वाक्य जागेवर हजर. मी ‘काही ठिकाणी’ घातलं. बाईंचा शेरा आला, ‘कोणत्या? मोघम नको.’ शेवटी एका रात्री मी तो परिच्छेदच काढला, केवळ शब्दमर्यादेसाठी. पण अशा फाइलला आवृत्त्यांचा इतिहास असतो. कोणी, किती वाजता, काय पुसलं ते सगळं ती नावानिशी दाखवते. शिवाय प्रत्येकाला एक रंग देते. मला लाल दिला होता.

मग मी तात्त्विक भूमिका घेतली. कलाकृतीला एकच अर्थ नसतो, हे तर या पद्धतीचं मर्म. (आणि ते खरंच आहे, मी म्हणालो म्हणून खोटं ठरत नाही.) लाल म्हणजे कुंकू, लाल म्हणजे उत्साह, लाल म्हणजे गुलमोहर. चित्रकलेचे सर म्हणाले, “मुलांनाच विचारू की.” आपण लावलेला अर्थ सहभागींना दाखवून पडताळून घेणं ही गुणात्मक संशोधनातली रूढ पायरी आहे. आराखड्यात ती मीच मोठ्या हौसेने घातली होती. वर्गात विचारलं तर एक मुलगी उठून म्हणाली, “सर, लाल म्हणजे भीतीच. गुलमोहर पण लाल करणार होतो, पण लोकांचा गोंधळ होईल म्हणून केशरी केला.”

लेखाच्या शेवटी प्रत्येकाने आत्मचिंतन लिहायचं होतं. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’मध्ये काम करता करता होणारं चिंतन आणि काम झाल्यावरचं चिंतन असे दोन प्रकार सांगितले आहेत. पुसता पुसता होणारं चिंतन त्यांच्या नजरेतून सुटलं. मी दीड पान लिहिलं; त्यात आयस्नर जागोजागी, टेबल कुठेच नाही. बाईंनी त्याच्या दोन ओळी केल्या आणि त्या दोन्ही टेबलावर. मी बदल स्वीकारला, कारण तिघेही तेव्हा फाइलमध्ये होते आणि त्यांचे तीन रंगीत कर्सर माझ्या परिच्छेदापाशी येऊन लुकलुकत उभे होते.

लेख छापून आला, नकाशासकट. कृष्णधवल छपाईत इतर सगळे रंग राखाडी झालेत. टेबल तेवढं काळंकुट्ट. सामाईक लेखनाला बसणाऱ्या शिक्षकबंधूंना एवढीच विनंती : मुलांच्या हाती खडू देण्याआधी आपलं टेबल हलवून घ्या.