विनंती थांबा

घरात कुत्रं आणायला अण्णांचा विरोध होता. तो त्यांनी एका वाक्यात नोंदवला, "बसलेल्यांनाच जागा पुरत नाही, आणखी उभे प्रवासी कशाला?" अण्णा एसटीत वाहक म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. त्याला आता पंधरा वर्षं झाली, पण आईला स्वयंपाकाला उशीर झाला तर ते अजूनही "गाडी किती लेट?" असंच विचारतात.

तरी पिल्लू आलं, कारण माझ्या लेकीने, चिऊने, दोन दिवस अबोला धरला. डाक्सहुंड जातीचं, दोन महिन्यांचं. पाय चार बोटांचे, पाठ हातभर, रंग विटकरी. चिऊने 'रोझी' हे नाव ठरवून ठेवलं होतं. अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. लांबुडकी, जमिनीला टेकलेली, तांबडी आणि दारातून आत शिरतानाच आवाज करणारी. "ही तर लालपरी," ते म्हणाले. रोझी तिथेच उतरली, परी राहिली.

डाक्सहुंड ही मूळची जर्मनीतली जात. बिज्जूसारखा एक बिळात राहणारा प्राणी तिकडे असतो, त्याच्या बिळात घुसून त्याला हुसकायला ही कुत्री तयार केली. जमिनीखाली हुकूम द्यायला मालक नसतो, म्हणून निर्णय आपला आपण घ्यायचा. वर उभ्या शिकाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळावं, म्हणून देहाच्या चौपट आवाजात भुंकायचं. हे सगळं मी परी आल्यावर वाचलं. लग्नाच्या बाबतीतही माझा अभ्यास असाच नंतर झाला होता. साताऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बिज्जू नव्हता, तेव्हा त्याची भूमिका आळीपाळीने माझी गोधडी, आईची तुळशीची कुंडी आणि दाराची बेल यांनी केली.

पहिल्या तीन दिवसांत परीने दिवाणखान्यात, कपाटाखालच्या कोपऱ्यात, माझ्या ऑफिसच्या बॅगेवर आणि एकदा तर थेट देवघरासमोर, असं सगळीकडे ओलं केलं. मी मोबाइलवर नऊ व्हिडिओ पाहिले. त्यातल्या गोऱ्या बाईच्या मागे हिरवंगार अंगण होतं, माझ्या मागे आई पोछा घेऊन उभी होती. अण्णा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "ही विनाथांबा गाडी नाही रे. हिला सगळीकडे विनंती थांबा आहे."

बायकोने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, लहान जातीचं मूत्राशयही लहान. दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम दोन तास धरू शकतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला ठरल्या जागी न्यायचंच. हे ऐकताना अण्णांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो मी त्यांच्या निवृत्तीनंतर पहिल्यांदा पाहिला.

"म्हणजे वेळापत्रक आहे!"

त्या दिवसापासून वही सुरू झाली. 'सकाळी ६.१०, बाल्कनी, वेळेवर. ७.२५, बाल्कनी, पाच मिनिटं उशिरा. ९.०५, चिऊच्या दप्तरावर, ब्रेकडाऊन.' ब्रेकडाऊनसमोर कारणही लिहिलेलं असायचं आणि ते नेहमी 'घरच्यांचा निष्काळजीपणा' हेच असायचं. चूक झाल्यावर पिल्लाचं नाक त्यात घासायची आमच्याकडे जुनी रीत. डॉक्टरांनी ती साफ बंद केली. त्याने पिल्लाला एवढंच कळतं, की माणसासमोर करायचं नाही, सोफ्यामागे जाऊन करायचं.

एक कोपरा मात्र सुटेना. आईने तिथे इतकं फिनेल ओतलं, की आम्हीच तिथे जायचं थांबलो. परी जायचीच. आपल्याला फिनेलचा वास येतो, तिच्या नाकाला त्याखालचा जुनाही येत असतो. डॉक्टरांनी एंझाइमचं द्रावण दिलं, ते त्या वासाचं मूळच मोडतं. अण्णांनी लगेच आईला समजावलं, "थांब्याची पाटी उखडली नाही, तर गाडी थांबणारच ना!"

रात्री परी रडायची. आई-भावंडांची ऊब सुटलेली, पिंजरा नवा. मी म्हटलं, रडून रडून झोपेल. मध्यरात्री उठून बघतो तर अण्णांनी आपली गादी पिंजऱ्याशेजारी ओढलेली, दोन बोटं जाळीतून आत. "मुक्कामी गाडीपाशी वाहक झोपतोच," ते डोळे मिटूनच म्हणाले. विरोधाचं काय झालं, हे मी विचारलं नाही.

मग दातांचा हंगाम आला. पिल्लाला अठ्ठावीस दुधाचे दात असतात आणि सुईही त्यापुढे बोथट. चिऊ किंचाळत पळायची, परीला वाटायचं खेळ रंगात आला. हात झटकायचा नाही, खेळ थांबवून पाठ फिरवायची आणि थंडगार गाजर पुढे करायचं, हे चिऊ एका दिवसात शिकली. मला आठवडा लागला, तोवर माझी कापशी चप्पल गेली. चघळायला आणलेला चामड्याचा तुकडा आणि कोल्हापुरी चप्पल यांतला भेद परीला मी तरी कोणत्या तोंडाने सांगणार? सोफ्यावरून उड्या मारायलाही बंदी आली, कारण या लांब पाठीचे मणके फार नाजूक. अण्णांनी दोन पाट ठोकून पायरी केली आणि वर खडूने लिहिलं, 'चालत्या गाडीतून चढू उतरू नये.'

नाशिकहून आत्या आली, येताना द्राक्षं आणि कांदे घेऊन. कुत्र्याला द्राक्ष विषारी, बेदाणा विषारी, कांदाही विषारी. "म्हणजे आमचा अख्खा जिल्हाच हिला चालत नाही," आत्या फुगली ती जाईपर्यंत.

खरा घोटाळा झाला तो शिकवणीत. कराडहून एक प्रशिक्षक आले. त्यांच्या हातात टक् वाजणारी छोटी डबी. परी खाली बसली की त्याच क्षणी टक्, लगेच खाऊ. कशाचं बक्षीस मिळालं ते आवाजाने अचूक कळतं. अण्णा शांतपणे बघत होते. मग माळ्यावर चढले आणि एका पत्र्याच्या पेटीतून तिकिटं पंच करायचा जुना चिमटा घेऊन उतरले. टक् टक्. परीने मान वाकडी केली. डबी त्याच दिवशी कराडला परत गेली.

हुकुमाचा शब्द अर्थातच 'बस'. परी दोन दिवसांत शिकली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की आपण ज्या घरात हा शब्द शिकवला, तिथे तो दिवसाला पन्नासदा बोलला जातो. अण्णा फोनवर, "स्वारगेटची बस कितीची?" परी बसली. आई पोळी वाढते, मी म्हणतो, "बस बस, पुरे." परी बसली. बायको पडदा सोडवत ओरडते, "आता बस झालं हं!" परी पडदा सोडून बसली आणि मजुरीसाठी वर बघत राहिली.

प्रशिक्षक फोनवर म्हणाले, शब्द उच्चारून मोबदला दिला नाही, तर शब्द झिजतो. दुसरा निवडा. आम्ही 'सीट' निवडला. अण्णांनी विचारलं, "दोघांची की तिघांची?" संध्याकाळी त्यांचा जुना मित्र आला आणि खिडकीच्या सीटवरून 1982 साली महाबळेश्वर गाडीत झालेली मारामारी अण्णांनी त्याला तासभर सांगितली. परी बसून बसून थकली.

शेवटी निर्णय अण्णांनी दिला. शब्द बदलायचा नाही. घरात कुणीही 'बस' म्हणालं आणि ती बसली, की भाडं चुकतं करायचं. तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात वाटाण्याएवढे गाजराचे तुकडे असतात आणि दुसऱ्या खिशात चिमटा. तेवढं परीच्या जेवणातून वजा होतं, त्याचाही हिशेब वहीत आहे.

लसी पुऱ्या झाल्या, तसे अण्णा तिला पट्टा लावून पहिल्यांदा रस्त्यावर घेऊन निघाले. मी मागून. त्याआधी महिनाभर ते तिला पिशवीत घालून फाटकापर्यंत न्यायचे आणि रिक्षा, दूधवाला, शाळेची मुलं सगळं दाखवायचे, त्यामुळे ती बिचकली नाही. थांब्यावर वीस-पंचवीस माणसं होती. वळणावरून लाल गाडी दिसली आणि सगळे एकदम ओरडले, "बस आली, बस!"

रांगेच्या ऐन तोंडाशी परी बसली. हलेना. मागून माणसं चेपत आली, पुढे गाडी थांबलेली. अण्णांनी घाई केली नाही. चिमटा काढला, टक् टक्, गाजर दिलं. दारातल्या तरुण वाहकाच्या हातात तिकिटाचं यंत्र होतं. तो त्या आवाजाने दचकून खाली बघू लागला आणि अण्णांना ओळखल्यासारखा सरळ उभा राहिला.

घरी आल्यावर मी वही उघडून पाहिली. '७.२०. गाडी वेळेवर. परी बसली.'