काढ, आवाज काढ!

"गाडीच्या मागून आवाज येतोय" हे वाक्य आमच्या पार्किंगमध्ये मोठ्याने म्हणायची सोय नाही. म्हटलंत, की कुठल्यातरी खांबामागून आप्पा प्रकट होतात. तुमच्याकडेही असतीलच. नाव नाना असेल, भाऊ असेल. पण बँकेतून निवृत्त, हातात दुधाची पिशवी आणि गाडीपेक्षा गाडीच्या दुखण्यावर जीव. आमच्या आप्पांची खोड एवढीच, की ते गाडीकडे ढुंकूनही बघत नाहीत. मालकासमोर उभे राहतात आणि म्हणतात, "काढ."

"काय?"

"आवाज. तोंडाने काढून दाखव."

मी इकडेतिकडे बघून हळूच काढला. "घूंऽऽ."

"घूं की गूं?"

"साधारण गूं."

"साधारण नको. साठला कसा येतो, ऐंशीला कसा येतो, तसा चढवत ने."

गेटवर शाळेची बस उभी होती. सगळी मुलं खिडक्यांना चिकटली होती. मी चढवत नेला.

"ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की?"

"जातो."

"वळणावर वाढतो?"

"नाही."

"डांबरावरून काँक्रिटवर गेलास की बदलतो?"

"नाही."

"मग टायर नाही. चाकाचं बेअरिंगही नाही; ते असतं तर वळताना भार बाहेरच्या चाकावर गेला की बोंबललं असतं. पाय उचलल्यावर गप्प बसतंय म्हणजे डिफरन्शियल. पिनियनपाशी ऑइल गळतंय का बघ."

सर्व्हिस सेंटरने मला चार नवे टायर सांगितले होते. गाडी उचलून पाहिली तर पिनियनचं सील गळत होतं आणि आतलं नव्वद नंबरचं ऑइल निम्मंही उरलं नव्हतं. तेव्हापासून मी आप्पांना टाळू लागलो. बरोबर निघणारी माणसं फार त्रासदायक.

तिसऱ्या मजल्यावरचे व्हाइस प्रेसिडेंट सुटाबुटात, लॅपटॉपची बॅग सावरत, "टक… टक… टक" करताना मी पाहिलेत. "लय सांभाळा हो," आप्पा म्हणाले. "चाकाचा एक फेरा होतो तोवर प्रोपेलर शाफ्ट चारेक फेरे घेतो. टकटकटकटक असेल तर शाफ्टचा क्रॉस, सावकाश असेल तर चाक." साहेबांनी विलंबितात पुन्हा म्हणून दाखवलं. टायरच्या खाचेत खडा निघाला.

लग्नाच्या पंगतीत वधूच्या मामाला त्यांनी तोंडातली जिलबी गिळायला लावून आवाज काढायला लावला. वैकुंठ स्मशानभूमीत तर कहर केला. आम्ही सगळे माना खाली घालून उभे, आणि हे शववाहिनीच्या ड्रायव्हरच्या कानाशी. "गिअर टाकून क्लच सोडलास की टंग् होतं ना? काढ. हलक्या आवाजात काढ, लोक रडतायत." ड्रायव्हरने अत्यंत अदबीने "टंग्" म्हटलं. क्रॉस गेला होता.

त्यांच्या आयुष्यातली खरी दुःखाची तारीख डिसेंबर 1983. मारुती 800 रस्त्यावर आली आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळू लागली. आप्पांकडे तेव्हा प्रीमियर पद्मिनी होती. शाफ्ट, क्रॉस, क्राऊन-पिनियन असा मागे भरला संसार. आजही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा मालक आला, की ते उसासा टाकतात. "तुझ्या मागे आहे काय? नुसतं बेअरिंग आणि बुश. बरं, काढ."

एकदा मी वैतागून काकूंना म्हटलं, "काकू, आप्पा स्वतः गाडीत बसून का ऐकत नाहीत?"

काकू लसूण सोलत होत्या. "बसून काय करतील? डावा कान केव्हाच गेला, उजव्यात निम्मं येतं. समोर उभं राहून कोणी बोललं तरच कळतं त्यांना. सांगू नका, बरं का."

म्हणजे हा माणूस आवाज ऐकतच नव्हता. आम्हा सगळ्यांची तोंडं बघत होता आणि "केव्हा येतो, केव्हा जातो" एवढ्यावर निदान करत होता. कानाचं मशीन लावून दिलं तर नंबर प्लेटपासून जॅकपर्यंत सगळंच वाजू लागलं, म्हणून ते पेटीत ठेवून दिलं.

मग एकेक लक्षात येऊ लागलं. "आप्पा, उद्या पाणी येणार नाही" हे त्यांना ऐकू गेलं नाही, तर दुसऱ्यांदा सांगायला कुणी थांबत नाही. "जाऊ दे" म्हणून पुढे जातात. मीटिंगमध्ये त्यांचा प्रश्न येतो तेव्हा विषय तीन पायऱ्या पुढे गेलेला असतो, आणि सेक्रेटरी हसून "नंतर, नंतर" करतात. पण "गूं" मात्र आम्ही सगळे समोर उभे राहून, डोळ्यांत बघून, समाधान होईपर्यंत पुन्हापुन्हा म्हणतो. आप्पांशी इतक्या चिकाटीने बोलण्याचा सोसायटीला दुसरा विषय नाही.

काकूंनी हे फक्त मलाच सांगितलं असावं, हा माझा गैरसमज होता. हल्ली ज्यांच्या गाड्या ठणठणीत आहेत तेही रविवारी खाली रेंगाळतात. परवा सेक्रेटरी आले. कोऱ्या गाडीचं कव्हरही अजून निघालेलं नाही. छाती भरून त्यांनी "भुर्रर्र-खट्-चींऽऽ" असा आवाज काढला.

आप्पांनी तो दोनदा काढायला लावला आणि मग नकारार्थी मान हलवली.

"असला आवाज कुठलीच गाडी काढत नाही. आधी दहा किलोमीटर फिरवून आणा, नीट ऐका, आणि मग या."