थोडंच राहिलंय!

मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते, हे रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या काकांना मान्य नाही. त्यांच्या हिशेबाने ती कुठूनही मोजली तरी ‘थोडीच’ उरलेली असते. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी हे काका मुंबईत पेडर रोडच्या चढावर सापडतात. साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात त्यांचे भाऊबंद आहेत. पुण्यातले तर टाळ्या वाजवता वाजवता धावणाऱ्याच्या चुकाही काढतात. मी जवळून पाहिलेला नमुना मात्र गिरगावचा.

काका स्वतः धावत नाहीत. बस सुटत असली तरी धावत नाहीत. “मागून दुसरी येतेय,” म्हणतात, आणि ती येत नाही. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा रस्ते का अडवले म्हणून हवालदाराशी भांडायला ते चौपाटीपर्यंत गेले होते. भांडण रंगात आलेलं असताना शेजारून एक इसम कमरेवर हात ठेवून फरपटत चालला होता. काका सवयीने खेकसले, “अहो, चला की, थोडंच राहिलंय!” आणि तो इसम चक्क पळायला लागला.

त्या क्षणी काका कामातून गेले.

ह्या माणसाने घरात “पंखा बंद करा” म्हटलं तर कोणी जागचं हलत नाही. कचेरीत उभी हयात गेली, पण त्यांच्या सांगण्यावरून एक फाइल या टेबलावरून त्या टेबलावर सरकली नाही. मुलगा कानात बोंडं घालून बसतो, सून “हो बाबा” म्हणून आत जाते. अशा माणसाने “पाय उचला!” म्हणावं आणि एका अनोळखी, धडधाकट, कमावत्या माणसाने निमूटपणे पाय उचलावा, हे सुख पेन्शनीत कुठून यायचं? लोक त्याला निःस्वार्थ सेवा म्हणतात. म्हणोत बापडे.

जागा मात्र काकांनी विचारपूर्वक निवडली आहे. तिशी ओलांडली (वयाची नव्हे, किलोमीटरची) की शरीरातला साखरेचा साठा तळाला जातो, पाय शिशाचे होतात. धावणारे त्याला ‘वॉल लागली’ म्हणतात. नेमका तेव्हाच, हाजी अलीवरून परतताना, पेडर रोडचा चढ समोर उभा राहतो. एरवी टॅक्सीतून जाताना हा चढ आहे हे कळतही नाही. काका म्हणतात, “सपाट रस्त्यावर काय, कोणीही टाळ्या वाजवील.” ड्रीम रन नावाच्या हौशी दौडीत रंगीबेरंगी फेटे बांधून सेल्फी काढत चालणाऱ्यांवर ते एक टाळीही वाया घालवत नाहीत.

परदेशी पाहुण्यांशी त्यांचं जमत नाही. इथिओपियाचे ते काटक गडी किलोमीटरला तीन मिनिटांच्या हिशेबाने येतात. ‘शाब्बास’मधला ‘शा’ त्यांना मिळतो आणि ‘बास’ मागच्या मोटारसायकलवाल्याला.

खरी मजा आपल्या माणसांची. प्रत्येकाच्या छातीवर क्रमांकासोबत नावही छापलेलं असतं. नावाने हाक मारली की माणसाला दहा हत्तींचं बळ येतं, हे काकांनी कुठेतरी वाचलंय. पण कारकुनी शिस्त आडवी येते. आधी ते लांबचा चष्मा लावतात, नाव वाचतात, मनाशी खात्री करतात आणि मग ओरडतात. तोवर तो पुढे निघून गेलेला असतो आणि नाव मागच्याला लागतं. त्यामुळे सकाळभर प्रत्येक जण आपल्या पुढच्याच्या नावाने धावतो. झुपकेदार मिशांच्या एका फौजदारी चेहऱ्याच्या गृहस्थाला मी “शाब्बास सुनीता, सोडू नकोस!” हे ऐकून दोन्ही हात जोडताना पाहिलंय. त्या चढावर माणूस स्वतःचं नाव विसरलेला असतो. कोणाचं का होईना, हाक आली हे पुष्कळ झालं.

काकांच्या मागे फोल्डिंगच्या स्टुलावर काकू बसलेल्या असतात. नागपुरी संत्री सोलायची, फोड मधोमध उघडून बी काढायची, वर चिमूटभर मीठ टाकायचं. बी का काढायची? “तोंड उघडं टाकून पळतात हो, घशात जायची.” फोडींचं ताट काकांच्या हातात जातं, ताटातली फोड धावणाऱ्याच्या तोंडात जाते आणि “थँक यू काका!” अशी पावती मिळते. काकूंच्या खात्यावर आजवर एकही थँक यू जमा नाही. “चाळीस वर्षांत मला एक फोड सोलून दिली असेल तर शपथ,” असं त्या म्हणतात, पण सोलणं थांबवत नाहीत.

काकांचा एक नियम कडक आहे: धावणाऱ्याला हात लावायचा नाही. त्यासाठी ते १९०८चं लंडन ऑलिंपिक काढतात, आणि तेही पाण्याच्या बाटल्या वाटायला उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरांसमोर, ऐन गर्दीत. इटलीचा दोरांदो पिएत्री सगळ्यांच्या आधी स्टेडियमात शिरला, उलट्या दिशेला वळला, पुन्हा पुन्हा कोसळला. पंचांनीच धरून त्याला रेषेपार नेलं, आणि त्यापायी बिचारा बाद झाला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेझला गेलं. दुसऱ्या दिवशी राणीने पिएत्रीला कप दिला. “म्हणून सांगतो, हात लावला की बाद! तोंडाला बंदी नाही.” ही मुभा काका पुरेपूर वापरतात.

गेल्या खेपेला शेवटच्या काही जणांत कोल्हापूरकडचा एक गडी वाकून उभा होता. काकांनी ठेवणीतलं वाक्य काढलं. त्याने मान वर केली.

“काका, किती ऱ्हायलंय ते खरं सांगा.”

“हा चढ संपला की उतारच आहे, बाळा.”

“आनि उतारानंतर?”

“चौपाटी.”

“फुडं?”

“मरीन ड्राइव्ह... चर्चगेट...” काकांचा आवाज खाली खाली गेला. “मग सीएसएमटी.”

“येवढं सगळं थोडं व्हय?” असं म्हणत तो वैतागून निघाला आणि त्या वैतागाच्या भरात चढ संपवून गेला. काकांनी तोही आपल्याच खात्यात मांडला.

दुपारी काका घरी येतात तेव्हा आवाज पूर्ण बसलेला असतो. डॉक्टर गुळण्या आणि आठ दिवस मौन सांगतात. मग त्या आठवड्यात चाळीतल्या त्या खोलीत टीव्हीचा आवाज हवा तेवढा असतो, पंख्याबद्दल कोणी काही बोलत नाही, आणि नवं कॅलेंडर आलं की काकूंच्या आधी सूनच जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी लाल पेनाने गोल करून ठेवते.