हुकूमपंथी आणि चित्रपंथी

कल्याणकरांस वादाला विषय कमी पडल्याचे इतिहासात नमूद नाही. डोंबिवलीहून उलट्या दिशेने येऊन, कल्याणात सुटणाऱ्या गाडीच्या खिडक्या अगोदरच बळकावून बसणारे प्रवासी दंडनीय आहेत की केवळ चतुर आहेत, ह्या एका प्रश्नावर सकाळच्या जलद गाडीत जेवढ्या वाक्पांडित्याचा व्यय होतो, तेवढ्यात एखादे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले असते. परंतु ठाण्यास उतरून, पूल ओलांडून, वाशीच्या गाडीने ऐरोली-रबाळ्याच्या डेटा सेंटरांकडे जाणारा आम्हां संगणकसेवकांचा जो एक लहानसा जथा आहे, त्याच्यात चाललेला वाद ह्याहून गहन असून त्याचा निकाल लागण्याची आशा मी तरी सोडली आहे. लोड बॅलन्सर नावाच्या यंत्रास हुकूम द्यावयाचा तो काळ्या पडद्यावर अक्षरे टंकून द्यावा, की चित्रांच्या पानावर माऊसने टिचकी मारून द्यावा, हा तो वाद.

लोड बॅलन्सर म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक नाही, आणि ठाऊक नसणे हे सुखी माणसाचेच लक्षण आहे, त्यांनी महिन्याच्या आरंभी सकाळच्या प्रहरी कल्याण स्थानकाच्या तिकीटघरात घटकाभर उभे राहावे. खिडक्या मोजक्या, माणसे असंख्य, आणि कोणी कोठे जावे हे सांगणारा कोणीच नाही, ह्या अवस्थेत जो हलकल्लोळ होतो तो होऊ न देणे, एवढेच ह्या यंत्राचे कार्य. खिडक्यांकडे क्रमाने एकेक माणूस रवाना करणे ह्यास राउंड रॉबिन म्हणतात. जेथे रांग आखूड दिसेल तेथे पुढचा माणूस धाडणे ह्यास लीस्ट कनेक्शन्स. ही दुसरी रीत वरकरणी मोठी शहाणपणाची भासते. तथापि समजा, एका खिडकीतील कारकून समोर येणाऱ्या प्रत्येकास मान वर न करता "लिंक फेल" एवढे दोनच शब्द ऐकवून परत पाठवीत आहे, तर त्या खिडकीपुढील रांग कधीच वाढणार नाही, आणि रांग आखूड म्हणून आमचे विद्वान यंत्र झाडून सगळे गाव त्याच खिडकीकडे पाठवील. म्हणून खिडकी उघडी आहे, दिवा लागलेला आहे, पंखा फिरतो आहे, एवढी रुजुवात करून भागत नाही. यंत्राने ठरावीक अवकाशाने स्वतः एक तिकीट मागून ते खरोखरच हाती पडते की नाही हे तपासले पाहिजे. ह्या तपासणीस हेल्थ मॉनिटर असे नाव आहे, आणि ती नुसत्या उघड्या खिडकीवर बेतलेली असल्यामुळे आजवर किती जणांच्या रविवारच्या रात्री नासल्या असतील त्याची गणती नाही.

आमच्या वादाचे दोन्ही पक्षही ह्याच तिकीटघरात सुखेनैव नांदतात. खिडकीपाशी पोहोचलेला मुरब्बी प्रवासी "एक ठाणे रिटर्न" असे तीनच शब्द, त्याच क्रमाने उच्चारतो, आणि शेवटचे अक्षर तोंडातून बाहेर पडते न पडते तोच तिकीट त्याच्या हाती असते. उलट "अहो साहेब, मला जरा बहिणीकडे मुलुंडला जायचंय, संध्याकाळी परत येईन म्हणते" अशी सविस्तर प्रस्तावना करणाऱ्या बाईंस मागील रांग जे ऐकविते ते छापण्याजोगे नसते. हा हुकूमपंथ. पलीकडे ती एटीव्हीएम नावाची यंत्रे उभी आहेत, त्यांच्या काचेवर स्थानके मांडलेली असतात, आणि बोट ठेवावे ठाण्यावर तर उमटावे कळव्यावर, असा अनुभव घेत माणूस शेवटी इच्छित स्थळी पोहोचतो. हा चित्रपंथ. परंतु त्या यंत्राशेजारी एखादे वेळी जो रेल्वेचा सेवानिवृत्त गृहस्थ लोकांस तिकिटे काढून देण्यास उभा असतो, त्याची बोटे एकवार न्याहाळून पाहावीत. तो काचेकडे पाहतच नाही. तोंडाने पुढच्या माणसाचे स्थानक विचारीत असता मागच्या माणसाचे तिकीट त्याची बोटे पूर्ण करतात. चित्रे आपणासाठी असतात, त्याच्या हाताला ती केव्हाच पाठ झालेली आहेत. सरावलेल्या माणसाच्या हाती चित्रपंथ आणि हुकूमपंथ ह्यांतील भेद उरत नाही, हे ह्या गृहस्थाकडे पाहून मला पटले आहे. पण गाडीत हे मत मांडले असता दोन्ही पक्ष एकदम अंगावर येतात.

आमच्या जथ्यातील हुकूमपंथीयांचे जे पुढारी आहेत, त्यांच्या संगणकावर पुट्टी नावाच्या प्रोग्रामची काळी चौकट सदैव उघडी असते, आणि माऊस ही वस्तू त्यांच्या मेजावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली आहे. पूर्ण शब्द टंकणे ते हीनत्वाचे लक्षण मानतात. दोन अक्षरे लिहावयाची, टॅबची कळ दाबावयाची, उरलेला शब्द यंत्राने पुरा करावयाचा, आणि काही अडलेच तर प्रश्नचिन्ह दाबून यंत्रालाच पुढचे पर्याय विचारावयाचे. चित्रपंथीयांच्या म्होरक्यांनी एकदा त्यांस विचारले, "काय हो, अजून टायपिंगच चालू आहे का तुमचं?" त्यावर हे शांतपणे उत्तरले, "आम्ही यंत्राशी बोलतो, साहेब. तुम्ही त्याला गुदगुल्या करता."

चित्रपंथीयांचीही बाजू लंगडी नाही. बिग-आयपी ह्या प्रसिद्ध यंत्राचे पान उघडावे, तो प्रत्येक सर्व्हरच्या, म्हणजे आमच्या तिकीटघरातील एकेका खिडकीच्या, नावापुढे त्याच्या प्रकृतीचे चिन्ह मांडलेले असते: ठणठणीत असेल तर हिरवे वर्तुळ, कामातून गेला असेल तर पत्त्यांतली तांबडी चौकट, क्षमता संपली म्हणून तूर्त नवे काम घेत नसेल तर पिवळा त्रिकोण, आणि ज्याच्याविषयी यंत्रास काहीच ठाऊक नाही त्याच्यापुढे निळा चौरस. ज्यास रंग ओळखता येत नाहीत त्याने आकारावरून ओळखावे, इतकी ही सोय दूरदृष्टीची आहे. हेच वर्तमान काळ्या पडद्यावर विचारावे, तर यंत्र आपल्या पुढ्यात बारीक अक्षरांची अशी काही बखर ओतते की तीतून एक मेलेला सर्व्हर हुडकणे म्हणजे पंचांगातून पाहुण्याचा पत्ता शोधणे होय.

दोन्ही वाटांनी दिलेला अर्ज शेवटी एकाच कारकुनापुढे जातो, ही ह्या भांडणातील खरी मौज. बिग-आयपीच्या पोटात एमसीपीडी नावाचा एक अखंड जागा असलेला कारकून बसविलेला आहे. टंकलेला हुकूम असो वा मारलेली टिचकी असो, अंमल देणारा तोच. फरक पडतो तो शिक्कामोर्तब करण्यात. चित्राच्या पानावर 'अपडेट' दाबले की बदल अमलातही येतो आणि दप्तरीही दाखल होतो. काळ्या पडद्यावरचा हुकूम मात्र तत्क्षणी अमलात येऊनही, 'सेव्ह सिस कॉन्फिग' असे निराळे फर्मान सोडीपर्यंत कागदावर चढत नाही. त्यामुळे कोणी हुकूमपंथी वीर शुक्रवारी रात्री बदल करून, सर्व काही सुरळीत चाललेले पाहून, ते अखेरचे फर्मान न सोडताच शेवटची कसारा गाठण्यासाठी पळाला, तर तो बदल पुढे यंत्र बंद होऊन सुरू होईपर्यंत निर्वेधपणे जगतो आणि मग कोणाच्या ध्यानीमनी नसता अंतर्धान पावतो. नेटस्केलर नावाचे दुसरे लोड बॅलन्सर यंत्र ह्या बाबतीत अधिक न्यायी असून तेथे दोन्ही पंथीयांस स्वतंत्रपणे शिक्का मारावाच लागतो; चित्रपंथीयांसाठी त्याचे चिन्ह म्हणून फ्लॉपीचे चित्र काढलेले आहे, आणि आमच्याकडे नव्याने लागलेली मुले ही कसली पेटी आहे असे मला विचारतात.

प्रमादाच्या संधी दोन्हीकडे सारख्याच मुबलक आहेत. काळा पडदा सहसा "खात्री आहे ना?" असे विचारीत नाही. समूहात एक सर्व्हर वाढवावयाचा तर 'ॲड' म्हणावे लागते, आणि त्याच जागी 'रिप्लेस-ऑल-विथ' असे लिहिले तर यंत्र जुन्या सर्व सर्व्हरांस बरखास्त करून एकट्या नवागतावर साऱ्या गावाचा भार टाकते. चित्राच्या पानावर, याद्यांच्या माथ्यावर एक निरुपद्रवी दिसणारी चौकट असते. तिच्यावर टिचकी मारली की यादीतील सर्वच नावांपुढे खूण होते, आणि खालच्या बाजूस 'एनेबल' व 'डिसेबल' ही दोन बटणे सख्ख्या भावांसारखी अंगाला अंग लावून बसलेली असतात. शिवाय चित्रपंथीयांस ब्राउझरची मर्जी सांभाळावी लागते. जुन्या यंत्रांची चित्रे जावाच्या आधारावर चालत, आणि सप्टेंबर २०१५मध्ये क्रोमने जावाच्या जोडणीस दाराबाहेर कायमचे काढले, तेव्हा अनेक कार्यालयांत केवळ ती चित्रे दिसावीत म्हणून एखादा म्हातारा संगणक जुन्या ब्राउझरासह जतन करून ठेवावा लागला.

पावसाळ्याचा मुद्दा हुकूमपंथीय विशेष आवेशाने मांडतात, आणि तो कल्याणकराच्या जिव्हारी लागणारा आहे. रुळांवर पाणी येऊन गाड्या ठप्प झाल्या, वीज लपंडाव करू लागली आणि मोबाइलच्या रेंजचा एकच दांडा शिल्लक राहिला, म्हणजे चित्रांचे पान अर्धे उमटून गोल गोल फिरत बसते. अक्षरांस मात्र वाट अरुंद असली तरी चालते. उलटपक्षी जुलै २०२०मध्ये बिग-आयपीच्या चित्रपानातच असे एक भगदाड उघडकीस आले की, पासवर्डावाचूनही बाहेरच्या माणसाने त्या वाटेने आत शिरून यंत्राचा कबजा घ्यावा. गांभीर्याच्या मापनात त्यास १०पैकी १० गुण मिळाले होते. ज्यांनी व्यवस्थापनाचे ते पान इंटरनेटच्या हमरस्त्यावर उघडे टाकले होते त्यांची गाळण उडाली. हुकूमपंथीयांनी त्या आठवड्यात जो विजयोत्सव केला तो अशोभनीय होता. कारण व्यवस्थापनाचा दरवाजा, मग तो अक्षरांचा असो की चित्रांचा, रस्त्यावर उघडा ठेवू नये हे शहाणपण दोघांनाही सारखेच लागू आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते पुराव्याच्या बाजूचे आहे. यंत्र आपल्या रोजनाम्यात दोघांचीही नोंद करते हे खरे, पण ती कृत्य घडून गेल्यावर. टंकावयाचे हुकूम आदल्या दिवशी मसुद्यात लिहून काढता येतात, वरिष्ठांस दाखविता येतात, ते मागे घेण्याचे हुकूमही शेजारी मांडून ठेवता येतात, आणि रात्री दोन वाजता पेंगुळलेल्या मेंदूने नवीन विचार करण्याचा प्रसंग टळतो. चित्रपंथीयाचा मसुदा म्हणजे तांबड्या बाणांनी सजविलेल्या स्क्रीनशॉटांचे बाड. यंत्राची आवृत्ती बदलली की त्यातील निम्मी बटणे दुसरीकडे राहावयास गेलेली असतात. मात्र पाहावयाचे झाले तर चित्रास तोड नाही. विली तारो ह्या फ्रेंच गृहस्थाने २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या एचए-प्रॉक्सी ह्या लोड बॅलन्सरची तर रचनाच मुळी अशी आहे की, कारभाराचे सर्व नियम एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहावयाचे आणि चित्राचे पान मुख्यतः हालहवाल पाहण्यापुरते ठेवावयाचे.

ह्या वादाकडे एक तिसरा पक्ष हल्ली करुणेने पाहू लागला आहे. तो न टंकतो, न टिचक्या मारतो. अखेरीस कोणती अवस्था हवी एवढे एका फाइलीत लिहून ठेवतो आणि बाकीची खटपट ॲन्सिबल नावाच्या गड्यावर सोपवितो. ही मंडळी विशीतली आहेत, त्यांस गाडीत बसावयास जागाही मिळत नाही, आणि त्यांचे म्हणणे बरोबर असण्याचा मोठा संभव असल्यामुळे आम्ही त्यांना मध्ये बोलू देत नाही.

आमच्या कार्यालयात सध्या रात्रीचे सर्व बदल लेखी हुकुमांनीच होतात. हुकूम टंकण्याचे काम चित्रपंथीयांच्या म्होरक्यांकडे आहे, कारण त्यांचे टंकलेखन शुद्ध आहे; आणि शेजारच्या पडद्यावर चित्रांचे पान उघडून, हिरवी वर्तुळे हिरवीच राहतात की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहण्यास हुकूमपंथीयांचे पुढारी बसलेले असतात.